आत्याचा सलाम

भूत, आत्मा, संकेत... असल्या गोष्टींवर माझा काडीचाही विश्वास नाही. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला, फिजिक्स घेऊन बी.एस्सी., आणि त्याचा मला अभिमान आहे. चर्चला जातो, प्रार्थना करतो, पण 'दिसलं', 'ऐकू आलं' म्हणणाऱ्यांना मी कायम उलटे प्रश्न विचारत आलोय. तरीही हे लिहितोय.

१९९८, द्राक्षांचा हंगाम. नाशिकला शरणपूर रोडच्या मागे आमच्या दोन खोल्या. बाबा शाळेतून रिटायर झालेले शिपाई. फुप्फुसाचा कॅन्सर. डॉक्टरांनी घरी न्यायला सांगितलं, म्हणजे काय ते आम्हाला समजलं होतं... बाबांनाही.

मरणाला ते घाबरत नव्हते. "प्रभूकडेच चाललोय, परक्याकडे थोडाच?" म्हणायचे. पण चर्चचे पाळकसाहेब प्रभुभोजन, म्हणजे भाकर आणि द्राक्षारस, द्यायला आले, तर बाबांनी तोंड भिंतीकडे फिरवलं. "बहिणीशी सलाम बंद असताना भाकर कुठल्या तोंडाने घेऊ?"

आम्हा ख्रिस्ती लोकांत भेटल्यावर 'सलाम' म्हणतात, आणि समोरच्याने तो घ्यायचा असतो. न घेणं म्हणजे तोंडावर दार लावणं. सायखेड्याच्या आत्याच्या मुलीने समाजाबाहेर लग्न ठरवलं, तेव्हा आत्या स्वतः बोलवायला आली होती. बाबांनी तिचा सलाम घेतला नाही. ती उंबऱ्यातूनच परत गेली.

मी कोपऱ्यावरच्या पीसीओवरून सायखेड्याला फोन लावला. आत्याच अंथरुणाला खिळलेली, एसटीत बसवणं शक्य नाही. बाबांना मात्र सांगितलं, "येतेय." म्हटलं, तेवढाच धीर.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी त्यांना चमच्याने पाणी पाजत होतो. आई मागे भांडी घासत होती. कितीतरी वेळ धड न बोललेल्या बाबांनी एकदम दाराकडे पाहिलं. आवाज स्वच्छ...

"सलाम, ताई. आत ये की. उंबऱ्यात का उभी?"

दार उघडंच होतं. बाहेर ऊन, दोरीवर वाळत घातलेली चादर. बस.

"ए बी.एस्सी.," बाबा हसले, "आत्याचा सलाम घे."

"बाबा, तिथे कोणी नाहीये."

"तुला सलाम करतीय ती... घे रे."

"भास होतोय तुम्हाला. पाणी प्या."

त्यांचा चेहरा पडला. पाहुण्यासमोर पोराने लाज आणल्यावर बाप बोलतो ना, तसे दाराकडे बघून म्हणाले, "राहू दे, ताई. लय शिकलाय तो."

मग त्यांनीच पाळकसाहेबांना बोलवायला लावलं. भाकर घेतली, द्राक्षारसाने ओठ ओले केले. संध्याकाळी आईच्या हातात हात असताना ते प्रभूत झोपी गेले.

कळवायला मी पुन्हा त्याच पीसीओवर गेलो. फोनवर आत्याची सून आली आणि मी तोंड उघडायच्या आत रडायला लागली.

"भावजी, आत्याबाई गेल्या हो... दुपारीच."

मी विचारलं, "काही बोलली का आत्या?"

"शुद्धच नव्हती. मग एकदम हसल्या. म्हणल्या, 'भावानं सलाम घेतला गं.'" तिने नाक ओढलं. "अन् मग म्हणल्या, 'भाच्यानं नाय घेतला.' भावजी, तुमच्यात काय झालं व्हतं का?"

बाबांना भास झाला, हे मी समजू शकतो. 'येतेय' असं मीच सांगितलं होतं. पण तिकडे सायखेड्यात आत्याला माझं कसं कळलं? इतकी वर्षं झाली, उत्तर नाही. आता शोधतही नाही.

वाईट एवढंच वाटतं... एक शब्द तर म्हणायचा होता. खरं-खोटं ठरवायला नंतर सगळं आयुष्य पडलं होतं.

पुढे सायखेड्याला जाऊन आत्याच्या कबरीपाशी उभा राहिलो. इकडेतिकडे पाहिलं आणि मोठ्याने म्हणालो, "सलाम, आत्या."

घ्यायला कोणी नव्हतं.