भाट्याच्या वाळूत भूगोलाचा मास्तर

तीस वर्षं मी शाळेत भूगोल शिकवला. भरती-ओहोटीचा धडा आला की फळ्यावर सूर्य, चंद्र आणि पृथ्वी एका ओळीत काढायचो आणि पौर्णिमेला, अमावास्येला उधाणाची भरती येते हे पोरांकडून घोकून घ्यायचो. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढं जे झालं ते मला माहीत नव्हतं म्हणून झालं, अशी सबब मला देता येत नाही.

मुलीनं पुण्यात नोकरीच्या ठिकाणचा एक मुलगा पसंत केला होता. मुलगा रत्नागिरीचा, लग्नानंतर घरचा मासेमारीचा धंदा बघायला परत जाणार होता. माझी काही अडचण नव्हती. अडचण होती तिच्या आईची. बायको माळशिरसकडची, मटणाला ना नाही, पण मासळी घरात चालायची नाही. मुलगी या बाबतीत आईवर गेलेली. रोज मासे शिजणाऱ्या घरात, एवढ्या लांब, ही पोरगी कशी निभणार, आणि परक्या मुलखात तिला सांभाळून कोण घेणार, असं तिचं म्हणणं. दोन महिने नकार चालू होता. शेवटी “घर बघून ठरवू” इथवर ती आली. मुलीनं मला गॅलरीत बोलावलं आणि म्हणाली, “पप्पा, आईचं मन वळलं तर तिथंच वळेल. नाहीतर विषय संपला. तुम्ही फक्त काही करू नका.” मी कबूल केलं.

दिवस बायकोनंच काढला. लग्नाचं पहिलं बोलणं पौर्णिमेला करायचं, असं तिच्या माहेरी पाळतात. मीही कॅलेंडर बघून मान डोलावली. फळ्यावरचा चंद्र एकदाही आठवला नाही.

आदल्या दिवशी सोलापूर सोडलं. रात्री कोल्हापुरात बहिणीकडं राहिलो, मुलगी पुण्याहून तिथंच आली. पहाटे निघून आंबा घाट उतरलो आणि नवाच्या आत रत्नागिरीत. मुलाकडचं बोलावणं बाराचं. मुलगी म्हणाली, कुठंतरी चहा घेत बसू. मी म्हटलं, छे, तुम्हाला शहर दाखवतो. मीही पहिल्यांदाच आलो होतो, पण दाखवणार मीच होतो.

ब्रह्मदेशाच्या राजाला इंग्रजांनी ज्या राजवाड्यात ठेवलं होतं तो बाहेरून बघितला, कारण अजून उघडला नव्हता. राजाची माहिती मी फाटकापाशी उभा राहून सांगितली. मग बंदरावर नेलं. लाँचमधून मासळीच्या पाट्या उतरत होत्या, लिलाव पुकारले जात होते, पायाखाली बर्फाचं पाणी. बायकोनं नाकाला लावलेला पदर गाडीत बसून काच वर केल्यावरच खाली आला. मुलगी आरशातून माझ्याकडं बघत होती. आता हे सावरायचं म्हणून मी गाडी भाट्याच्या किनाऱ्याकडं वळवली. मोकळी हवा, सुरूची झाडं, स्वच्छ वाळू. बायकोचा चेहरा जरा सैल झाला.

आता गाडी कुठं लावली ते सांगतो. उन्हाळ्यात आम्ही टेंभुर्णीच्या पुढं उजनीच्या काठाला जातो. धरणाचं पाणी उतरलेलं असतं, उघड्या पडलेल्या जमिनीवर अगदी पाण्यापर्यंत गाडी नेतो, दिवसभर तिथंच ठेवतो. संध्याकाळी गाडी तिथंच, पाणीही तिथंच. आमच्याकडचं पाणी हलायला महिने घेतं. त्याच हिशेबानं मी ओल्या, घट्ट वाळूवर गाडी नेली. झाडाखालचा शहाळीवाला हात हलवून बोलवत होता. गिऱ्हाईक बघतोय, असं समजून मी त्याला लांबूनच नको म्हटलं.

खाडीच्या तोंडापर्यंत चालत गेलो. तासाभरानं परत आलो तर समुद्र गाडीपाशी येऊन पोचला होता. मी पळत जाऊन गाडी चालू केली आणि जोरात ॲक्सिलरेटर दाबला. चाकं जागच्या जागी फिरली आणि गाडी आणखी खाली बसली. दुसऱ्यांदा दाबल्यावर दार उघडेना, खिडकीतून उतरलो.  

मुलीनं मुलाला फोन केला. पंधरा मिनिटांत मुलगा आला, मुलाचे वडील आले, एका पिकअपमधून दोघं खलाशी जाडजूड दोर घेऊन आले. वडील आमच्या स्वागतासाठी तयार होऊन बसलेले असणार. अंगावर कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट-पायजमा. त्यांनी पायजमा गुडघ्यापर्यंत दुमडला आणि सरळ पाण्यात शिरले. आमची ही पहिली भेट. नमस्कार वगैरे राहूनच गेला.

पोटरीभर पाण्यात उभं राहून मी त्यांना समजावू लागलो, की आज पौर्णिमा, त्यामुळं चंद्र आणि सूर्याचं आकर्षण एका रेषेत येऊन भरती नेहमीपेक्षा मोठी असते. जन्म समुद्राकाठी गेलेल्या माणसाला. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. “बरोबर आहे तुमचं,” ते म्हणाले. “आता जरा मागून ढकलाल का?”

दोर ताणला तरी चाकं पकड घेईनात. चाकाखाली घालायला गोणपाट वगैरे आहे का, त्यांनी विचारलं. तोपर्यंत बायको मागून पाण्यात आली होती. तिनं डिकी उघडली आणि त्यांच्याकडं भेट म्हणून आणलेल्या दोन चादरी काढल्या. मोराच्या नक्षीच्या. तीन दुकानं पालथी घालून तिनं त्या निवडल्या होत्या.

“ह्या घाला,” ती म्हणाली.

“अहो, कोऱ्या आहेत त्या.”

“तुमच्यासाठीच आणल्या हुत्या. घाला की.”

चादरी चाकाखाली गेल्या, पिकअपनं हिसका दिला आणि गाडी वर आली. त्यांनी चादरी स्वतः वाळूतून ओढून काढल्या, पिळल्या, घडी घालून खांद्यावर टाकल्या. गाडी कुणी तिथं लावली, हे त्यांनी विचारलं नाही. मुलानंही नाही. खलाशी मात्र मनसोक्त हसले, आणि ते योग्यच होतं.

घरी पोचल्यावर मुलाच्या आईनं चादरी विहिरीच्या पाण्यानं दोनदा धुऊन दोरीवर घातल्या. स्वयंपाक दोन चुलींवर झाला होता. आत मासळी, मागच्या पडवीत काळ्या वाटाण्याची उसळ आणि भाकरी. बायको पडवीत जाऊन बघून आली. भांडीसुद्धा वेगळी होती. तिनं उसळ दोनदा घेतली. मी तळलेला बांगडा खाल्ला आणि उजनीच्या माशांबद्दल काही बोललो नाही.

जेवणं झाली, सगळे बसले. रिवाजानं बोलायचं मुलीच्या बापानं. मी घसा साफ केला. बायकोनं हातानंच मला थांबवलं.

“ह्यांना तुमी आज सांभाळून घेतलं,” ती मुलाच्या वडलांना म्हणाली. “एका शब्दानं बोलला न्हाई. माझी पोरगी तर लई शहाणी हाय. आमची पसंती हाय.”

मुलाची आई साखर आणायला उठली. मुलगी खाली बघत राहिली, पण तिचे खांदे सैल झालेले मला दिसले. मग सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं. माझे कपडे वाळत होते आणि माझ्या कमरेला होणाऱ्या व्याह्यांचीच लुंगी होती, त्यामुळं माझं वेगळं मत असतं तरी ते मांडता आलं नसतं.