बोटं आणि हँडल

विनता पिंगळे स्प्रिंगा तपासायची. तोफगोळ्याच्या फ्यूजमध्ये बसणाऱ्या, तांदळाच्या दाण्याहून जराशा मोठ्या. डोळ्यांना त्या सगळ्या सारख्याच दिसत. बोटांत धरून फिरवली की एखादीच्या टोकाशी राहून गेलेला बारीक काटा लागे, आणि ती स्प्रिंग बाजूला काढावी लागे. बाकीच्या बायका अंगठा आणि तर्जनी वापरत. विनता अनामिका वापरायची. त्या बोटाला घरकामाचे घट्टे पडत नाहीत, असं तिचं म्हणणं.

जबलपूरच्या त्या फॅक्टरीत शंका आलेला प्रत्येक ट्रे शेवटी तिच्या टेबलावर यायचा. तिचं लग्न झालं नव्हतं. चेहरा लक्षात राहील असा नव्हता. शहरातल्या गोरखपूर मोहल्ल्यातल्या घरात तिला कोणी काही विचारत नसे. जे ठरायचं ते तिचा मोठा भाऊ दिवाकर ठरवी. त्या टेबलावर मात्र तिच्या बोटाचा शब्द शेवटचा होता.

पासष्टच्या सप्टेंबरात युद्ध लागलं आणि कामाचे तास वाढले. फॅक्टरीची गाडी आता वसाहतीपुरतीच फिरे, म्हणून विनता एक जुनी सायकल घेऊन तिच्यावरून जायला लागली. रेल्वेचा पूल, मग रांझीकडची खडबडीत सडक, पुढेमागे लष्करी ट्रक आणि त्यांची धूळ. सायकल लेडीज होती, पण तिला आधीच्या मालकाने सरळ दांड्याचं, खाली उतरवलेलं हँडल बसवलं होतं.

महिना सरत आला तेव्हा तिच्या हातून काटा असलेल्या स्प्रिंगा निसटायला लागल्या. फ्यूज जोडणाऱ्यांनी त्या पकडल्या. सुपरवायझर अच्युतराव, नागपूरकडचे, तिच्यासमोर येऊन उभे राहिले.

"काहून हो विनताबाई, बोटं घरीच ठेवून आल्या काय?"

"सकाळी बधिर होऊन राहिली आहेत. दुपारी बरी होतात."

"गोळा काय दुपारपर्यंत थांबते?" मग आवाज खाली आणून म्हणाले, "शनिवारी मी स्वतः खराब स्प्रिंगा मोजून टाकून ट्रे लावतो. नाही जमलं तर पॅकिंगला जा. तिथं पेट्या उचलायच्या असतात, बोटं लागत नाहीत."

घरी दिवाकरने निकाल देऊन टाकला. "अंगात बारूद भिनली. नोकरी सोड."

"स्प्रिंगांत बारूद नसते, भाऊ. आणि असती तर तिने रविवारी सुट्टी घेतली नसती. रविवारी तांदूळ निवडताना मला खडा न् खडा लागला."

रविवारी ती सायकलवर बसत नसे. एवढं तिने एकटीने बसून जुळवलं होतं.

दुसऱ्या दिवशी पहाटे तिने परातीतली कणीक उचलली, हँडलच्या दोन्ही मुठींवर थापली आणि गल्लीच्या टोकापर्यंत सायकल मारून आली. आई दारात उभी होती.

"रेशनचा आटा सायकलला चारून राहिली काय? आता ती पोळी कोण खाईल, तुझी घंटी?"

विनता कणकेकडे बघत होती. अंगठ्याकडे कणीक होती तशीच फुगलेली. करंगळी आणि अनामिकेच्या खाली, तळव्याच्या काठाशी, ती पार लोखंडापर्यंत दबली होती. सगळं अंग, सगळा रस्ता, सगळे खड्डे त्या एका बोटभर जागेवर उभे होते. वजन एकाच जागी राहिलं की ती जागा मरते. माणसांचंही असंच होत असावं. पण विनताला त्या घडीला माणसांशी कर्तव्य नव्हतं.

गोरखपूरच्या बाजारात शैलेंद्रचं सायकलचं दुकान होतं. त्याच्या छताला गोऱ्या फौजेच्या काळातली जुनी रेसिंग हँडलं तारेने टांगलेली होती, मेंढ्याच्या शिंगांसारखी पुढे जाऊन खाली वळलेली. विनताने त्यांच्याकडे बोट केलं.

"दीदी, ये रेस वालों के हैं. लेडीज सायकल पे मेंढा चढ़ाओगी?"

"चढ़ाऊंगी. इसमें हाथ रखने की कितनी जगह है, देखो भैया. मेरे में एक ही है."

पहिलं हँडल रुंद निघालं. हात फाकले, आणि पूल चढेपर्यंत खांदे पेटले. ते तिने संध्याकाळी परत केलं. दुसरं अरुंद होतं, पण त्याचा बाक फार खोल. खाली धरलं तर हनुवटी चाकाला टेकेलसं वाटे, आणि ब्रेकच्या मुठीपर्यंत बोटं पोचत नव्हती. रांझीत एक ट्रक अंगाजवळून गेला तेव्हा ती पाय घासत थांबली. पानाच्या टपरीवरून कोणीतरी सोबत्याला ओरडून म्हणालं, "बड्डे, सींग तो देखो! मारेगी क्या?"

"सामने आओगे तो!" ती म्हणाली आणि पुन्हा पेडल मारलं. संध्याकाळी तेही हँडल तिने परत केलं.

तिसऱ्या वेळी तिने आधी दोरी घेतली. एका खांद्याच्या हाडापासून दुसऱ्यापर्यंत मापली, गाठ मारली आणि टांगलेल्या प्रत्येक हँडलला लावून पाहिली. शैलेंद्र आता हसत नव्हता. शिडी धरून उभा होता. दोरीच्या मापाशी जुळणारं एक निघालं, बाक उथळ, पॉलिश उडालेलं, एका टोकाला ठोकर बसलेली. ते त्याने वर चढवून बसवलं आणि ब्रेकच्या मुठी तिची बोटं पोचतील तिथे सरकवल्या. घरी तिने आईकडून जुन्या लुगड्याची पट्टी मागून घेतली आणि त्यावर गुंडाळली, कणीक दबली असती तिथे दुहेरी.

"आता सायकलला लुगडं पण नेसव," आई म्हणाली, आणि पट्टीचं दुसरं टोक ताणून धरलं.

हे हँडल कुठेही धरता येत होतं. पुलावर मधल्या आडव्या दांड्याला, सपाटीवर वळणाला, गर्दीत ब्रेकपाशी. खाली वाकून ती क्वचितच धरी. हात एका जागी ठरू द्यायचा नाही, एवढाच नियम तिने स्वतःला घालून दिला. चुकलं की करंगळीत मुंग्या येत, आणि ती हाताची जागा बदली.

शनिवारी ती फॅक्टरीत पोचली ती थेट टेबलापाशी. अच्युतरावांनी झाकलेला ट्रे आणून ठेवला.

"बसा जरा. हात गरम करा. दुपारी पाहू."

"आत्ताच पाहा."

"काहून घाई करून राहिल्या? मी तुमच्या भल्यासाठीच म्हणून राहिलो."

"माहीत आहे. पण दुपारी माझी बोटं आधीही बरीच होती. मला सकाळचं टेबल पाहिजे."

त्यांनी झाकण काढलं. विनता बसली. स्प्रिंग अंगठा आणि अनामिकेत फिरत गेली. गुळगुळीत, गुळगुळीत, पुन्हा गुळगुळीत. एक काटा लागला. ती बाजूला. मग बराच वेळ काहीच नाही, आणि काहीच नसणं हे सगळ्यात भीतीचं. चांगल्या ढिगात टाकलेली एक स्प्रिंग तिने परत उचलली, डोळे मिटून उलटी फिरवली आणि बाजूला ठेवली.

ट्रे संपला तेव्हा अच्युतरावांनी बाजूला काढलेल्या स्प्रिंगा एकेक करून भिंगाखाली धरल्या. मग चांगला ढीग बोटाने चाळला.

"जेवढ्या टाकल्या होत्या तेवढ्या निघाल्या," ते म्हणाले. "पॅकिंगला दुसरं कोणी धाडतो."

ते गेले. जाताना त्यांनी शंकेचा पुढचा ट्रे तिच्या टेबलावर सरकवला. विनताने तो जवळ ओढला. नव्या हँडलने मान चांगलीच दुखत होती. पण स्प्रिंगा मानेने तपासायच्या नव्हत्या.