लोडचे शॉकअप

माझी कंबर दुखायला लागली तेव्हा मी आमची पिकअप चालवत होते. कन्नडच्या आसपासच्या गावांतून अद्रक, मिरची, कोथिंबीर, जे निघेल ते भरायचं आणि शहागंजातल्या व्यापाऱ्यांकडं उतरवायचं, हे माझं काम. गाडी घेतली होती आमच्या ह्यांनी. हे वाळूजच्या एका कंपनीत फिटर. जोडधंदा म्हणून गाडी घेतली, ड्रायव्हर ठेवला आणि तो ड्रायव्हर एक दिवस न सांगता निघून गेला. गाडी उस्मानपुऱ्यात आमच्या घरासमोर धूळ खात उभी राहिली. माहेरी मी लग्नाआधी ट्रॅक्टर चालवलेला. मी म्हटलं, लायसन्स काढते, मी चालवते. हे हसले. सासूबाई हसल्या नाहीत, पण त्यांनी अडवलंही नाही.

सुरुवातीला बाजारात सगळे वळून बघायचे. नंतर सवय झाली, त्यांना आणि मलाही. कन्नडच्या अलीकडं एका गावात एक मावशी होत्या. नात्यातल्या नाहीत, पण मी मावशीच म्हणायची. नवरा गेल्यापासून शेत त्याच बघायच्या. बाकीचे गाडीवाले त्यांचा माल सगळ्यात शेवटी उचलायचे. मी आधी त्यांच्या वावरात जायची. "पोरी, तू हायेस म्हणून माझी अद्रक ताजी जाती बाजारात," असं त्या म्हणायच्या आणि मला भाकरी खाल्ल्याशिवाय सोडायच्या नाहीत. घरात मला कोणी असं म्हटलं नव्हतं. म्हणून त्या रस्त्याचा मला कधी कंटाळा आला नाही.

पण गाडी जुनी होती. जाताना रिकामी असायची, तेव्हा मागून अशी उसळायची की प्रत्येक खड्डा थेट कमरेत. भरून येताना वळणावर डुलायची. मी सीटवर उशी ठेवून बघितली, पट्टा बांधून बघितला. शेवटी डॉक्टरांकडं गेले. ते म्हणाले, गाडी कमी करा, नाहीतर गाडीचे हादरे कमी करा. घरी येऊन मी हे हसत हसत सांगितलं. ह्यांनी जेवता जेवता वर बघितलं.

"शॉकअप गेलेत चारी," हे म्हणाले. "नवे टाकू. गॅरेजला कशाला? घरीच करू आपण. रविवारी."

खरं सांगते, मला भरून आलं. गाडी चालवायला लागल्यापासून ह्यांनी मला कधी विचारलं नव्हतं की दमलीस का. कंपनीतून यायचे, चहा घ्यायचे, मोबाईल बघायचे. आणि आता माझ्या कमरेसाठी स्वतःची सुट्टी घालवायला निघाले होते. शनिवारी ते एकटेच शहागंजातल्या स्पेअर पार्टच्या दुकानात जाऊन चार खोकी घेऊन आले. मी खोकी उघडून बघितली. काळे, जाडजूड, चकचकीत. मी त्यातलं काय ओळखणार! मला ते छान वाटले एवढंच.

रविवारी सकाळी हे अंगणात आले ते कंपनीतले जुने कपडे घालून. चाकांना दगड लावले, जॅकनं मागचा भाग उचलला आणि खाली लोखंडी घोडी सरकवली. मला म्हणाले, "तू पाने दे फक्त." पण पहिलाच बोल्ट गंजून असा बसला होता की हलेना. ह्यांनी डिझेल सोडलं, हातोडीनं ठोकलं, पान्याला लांब पाईप लावून जोर केला. तरी नाही. मग मीही खाली शिरले. दोघं पाठीवर आडवे, डोक्याशी डोकं, पाईपला दोघांचे चार हात. हे म्हणाले, "एक, दोन, व्हय, आता!" आणि बोल्ट असा कर्रकन सुटला की आम्ही दोघं मागं आदळलो आणि हसायलाच लागलो. ह्यांच्या तोंडावर गंज उडाला होता. मी पदरानं पुसला. लग्नानंतर इतक्या वर्षांत आम्ही दोघं असे एकमेकांना चिकटून हसलो होतो की नाही, मला आठवत नाही.

जुना शॉकअप हातात घेऊन ह्यांनी दाबून दाखवला. तो खाली गेला आणि तिथंच राहिला. तेल सगळं गळून गेलेलं. "असं झालं होतं बघ तुझं," हे म्हणाले. मग नवा दिला. मी अंगाचा सगळा भार टाकला तेव्हा कुठं तो जरासा दबला, आणि लगेच परत वर आला. "लई मजबूत हाये," मी म्हटलं. हे त्याचे रबरी बुश बसवायला लागले.

सासूबाईंनी त्या दिवशी स्वतः पिठलं केलं. आम्हाला अंगणातच ताटं आणून दिली. एरवी मी गाडीवरून आले की त्या माझ्या हाताकडं बघून आधी "धुऊन ये" म्हणायच्या. त्या दिवशी म्हणाल्या, "खा, दमलीस." मला वाटलं, चला, यांनीही मान्य केलं एकदाचं. संध्याकाळी पुढचे दोनही बसले. ह्यांनी गाडी खाली उतरवली, सगळे बोल्ट पुन्हा आवळले आणि मागच्या फळीवर उभं राहून उड्या मारल्या. गाडी जागची हलली नाही.

सोमवारी मी निघाले. वेरूळच्या पुढं रस्ता खराब लागला आणि पहिल्याच खड्ड्यात मला डोळ्यांपुढं अंधारी आली. गाडी आता उसळत नव्हती, ती आदळत होती. दगडावर बसून चालल्यासारखं. वावरात पोचले तेव्हा मावशींनी हात धरून मला खाली उतरवलं. माझ्याकडं जरा बारकाईनं बघितलं, माल भरून दिला. त्या दिवशी त्यांनी भाकरीचं विचारलं नाही. मला ते लागलं, पण कंबर इतकी ठणकत होती की मी त्यावर विचार केला नाही. येताना मात्र भरलेली गाडी सरळ, शांत आली. वळणावर जराही डुलली नाही.

घरी ह्यांनी विचारलं, "कशी वाटली?"

"मस्त," मी म्हटलं. एवढी सुट्टी घालवली, एवढे कष्ट केले, आणि मी पहिल्याच दिवशी रडगाणं गाऊ का? मला वाटलं नवीन आहेत, सैल होतील.

ते काही सैल झाले नाहीत. चार-पाच फेऱ्यांनंतर मला स्टेअरिंगवर नीट बसता येईना. एक दिवस शहागंजात माल उतरवल्यावर मी त्याच स्पेअरच्या दुकानात गेले. म्हटलं, एखादा बुश जास्त आवळला गेला असेल तर विचारावं. दुकानदार म्हातारे, चष्मा कपाळावर. ह्यांचे जुने ओळखीचे. मी सांगितलं, चाचा, गाडी रिकामी असली की फार आदळते.

"आदळतीच ना भाभी," ते म्हणाले. "ये लोड के हैं, भरी गाडी के. खाली गाडी में तो सख्त रहतेच. मैंने भाईजान को दोनों दिखाए थे, ये और नरम वाले. वो बोले, नको, लोडचेच द्या, अब छोटा भाई चलाने वाला है, ईंट-सिमेंट पे." मग चष्मा डोळ्यांवर घेऊन माझ्याकडं बघत हसले. "अच्छा हुआ भाभी. तुमना भी अब घर में आराम हो जाएगा. लई मेहनत करी तुम."

त्यांच्या बोलण्यात वाकडं काही नव्हतं. ते माझं अभिनंदन करत होते. मी "हो" म्हटलं. बाहेर येऊन गाडीत बसले, पण चावी फिरवायला हात उचलेना. मागून एक रिक्षावाला हॉर्न देत होता.

धाकटे भाऊजी चाकणला होते. त्यांचं काम सुटल्याचं मला माहीत होतं, गाडीचं नव्हतं. घरी आल्यावर मी चप्पलही काढली नाही. सासूबाई गवार निवडत होत्या.

"भाऊजी गाडी चालवणार आहेत?" मी विचारलं.

त्यांनी मान वर केली नाही. "थोरल्यानंच सांगायचं होतं तुला. मी म्हटलं होतं त्याला, आधीच सांगून टाक म्हणून."

म्हणजे पिठलं केलं त्या दिवशी त्यांना माहीत होतं.

मग माझ्या डोक्यात मावशींचा चेहरा आला. मी तिथंच उभं राहून त्यांना फोन लावला. त्यांनी उचलला, पण "पोरी" म्हणाल्या नाहीत.

"तुझ्या मालकाचा फोन आल्ता," त्या म्हणाल्या. "म्हनले, दुसरी गाडी बघून ठेवा. म्या बघितली. पन तू येऊन तोंडानं सांगायचं होतं की गं. रोज समोर येतीस, जेवतीस, आन् सांगायला मालकाला लावतीस?"

"मावशी, मलाच आज कळलं."

पलीकडं कोंबड्या ओरडत होत्या. "असं कसं?" त्या म्हणाल्या. "गाडी तर तूच चालवतीस." त्यांचा विश्वास बसला नाही, आणि त्यांचं चुकलं असं मला म्हणता येत नव्हतं. कोणाचा बसेल?

हे संध्याकाळी कंपनीतून आले. मी चहा दिला आणि समोर बसले.

"शहागंजात गेले होते," मी म्हटलं. "दुकानात."

ह्यांनी कप खाली ठेवला. म्हणाले, "मी सांगणारच होतो. अगं, त्याचं काम गेलं, घरात दोन लेकरं. भाऊ हाये माझा. आणि तुझी कंबर अशी. डॉक्टरच म्हणाले ना गाडी कमी कर. तुला आराम मिळावा म्हणूनच..."

"माझ्या कमरेसाठी नरम शॉकअप मिळत होते."

ह्यांनी कप परत उचलला.

"मला विचारलं असतं तर मी नाय म्हटलं नसतं," मी म्हटलं. "भाऊजींना गरज आहे, मला काय कळत नाही? दिवस वाटून घेतले असते. मावशींना मी जाऊन सांगितलं असतं. पण मला त्या गाडीखाली झोपवलंत तुम्ही. माझ्याच हातांनी मला काढून टाकलंत."

ह्यांचा चेहरा खरोखर गोंधळलेला होता. मी कशावर एवढी चिडले तेच त्यांना कळत नव्हतं. आणि मग ते जे बोलले ते त्यांनी लबाडीनं नाही, अगदी सरळ मनानं म्हटलं: "आधी सांगितलं असतं तर तू बसली असतीस का रविवारभर माझ्याबरोबर? बोल्ट एकट्यानं निघाला नसता."

मी उठून आत गेले. भांडण असं झालंच नाही.

दुसऱ्या दिवशी गाडी घेऊन मी मावशींच्या गावाला गेले. माल नव्हताच. कंबर धरत धरत गेले आणि त्यांच्या ओट्यावर बसून सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. शेवटी उठून पाणी आणलं. "माझाबी दीर असंच करायचा," एवढंच बोलल्या. राग गेला की नाही ते मला अजूनही सांगता येत नाही. परत आल्यावर चावी ह्यांच्या हातात दिली.

भाऊजी आले तेव्हा पहिल्याच दिवशी माझ्यापाशी आले. म्हणाले, "वहिनी, तुम्ही लई मोठं मन दाखवलं." मी विचारलं, "कोणी सांगितलं?" ते म्हणाले, "दादा म्हणाला, वहिनीनंच सुचवलं." त्यांनाही फसवलं होतं, फक्त त्यांच्या फायद्यात. खरं काय ते मी त्यांना सांगितलं नाही. त्यांच्या मुली मागं उभ्या होत्या.

ते वर्षभर विटा-सिमेंट वाहत राहिले. चांगली चालवली गाडी. मला काही महिने घरात बसून वेड लागायची पाळी आली. मग जवळच्याच एका नर्सरीला रोपं पोचवायला ड्रायव्हर हवा होता. छोटी व्हॅन, शहरातल्या शहरात फेऱ्या. मालकीणबाईंनी विचारलं, घरच्यांची परवानगी आहे का? मी म्हटलं, विचारलेलं नाही. त्या हसल्या आणि चावी दिली. घरी मी दुसऱ्या दिवशी सांगितलं, कामावर निघताना, दारात. हे "बरं" म्हणाले.

पुढं भाऊजींना कंपनीत काम मिळालं आणि पिकअप पुन्हा दारात आली. हे म्हणाले, "तू घे परत. नरमवाले टाकू. करू की घरीच, मागच्यासारखं." त्यांच्या डोळ्यांत खरंच उत्साह होता. तेव्हा मी त्यांना विचारलं, त्या रविवारी तुम्हाला काही वाटत नव्हतं का हो? माझ्या शेजारी पडून हसत होतात तेव्हा?

हे म्हणाले, "त्या दिवशी मला लई चांगलं वाटत होतं. खरंच."

मला वाटलं होतं, ते म्हणतील की मनात खात होतं, लाज वाटत होती. तसं म्हणाले असते तर मी केव्हाच सोडून दिलं असतं. पण त्यांना चांगलं वाटत होतं. मलाही वाटत होतं. एकाच गाडीखाली, एकाच पाईपला हात लावून. आणि तरी त्यांना ठाऊक होतं आणि मला नव्हतं. हे कुठं ठेवायचं ते मला आजही कळत नाही.

"विकून टाका," मी म्हटलं. त्यांनी विकली. सिल्लोडकडचा कोणी घेऊन गेला. मी तेव्हा नर्सरीत होते.

आता हे मला सगळं सांगतात. साखर आणायची असली तरी विचारतात, उद्या कोणती शिफ्ट ते आदल्या दिवशीच सांगतात, भावाचा फोन आला तर मोबाईल माझ्यासमोर ठेवून बोलतात. मी ऐकते, "बरं" म्हणते. आणि ते बाहेर गेले की सासूबाईंना एकदा विचारून घेते, खरं ना, म्हणून.