मृत्युपत्राचा सातवा खर्डा

मृत्युपत्राचा विषय काढला की माणसं गप्प होतात, असा माझा समज होता. तो चुकीचा निघाला. माझे बरेच निघतात. नंदुरबारच्या एका बागेत सकाळी आम्ही चार म्हातारे एकाच बाकावर बसतो. तिथे हा विषय मीच काढला. तेव्हापासून इतके किस्से साठलेत, की आता मरायला सवड मिळेल असं वाटत नाही!

माझी काळजी साधी होती. मुलगा पुण्यात. माझ्यामागे सुमनला, म्हणजे माझ्या बायकोला, कोणी या घरातून हलवू नये. एवढंच कागदावर आणायचं. पण अर्थशास्त्रात पीएच.डी. केलेला माणूस मी! सहा खर्डे झाले, एकही पटेना. चौथ्याला तर तळटीपा होत्या. वकीलबाई माझीच जुनी विद्यार्थिनी. म्हणाली, "सर, हे मृत्युपत्र आहे, प्रबंध नाही!"

*

रतनशेठ मिरचीचे व्यापारी. घराणं मूळ राजस्थानातलं. मी विचारलं, "शेठ, बँकेत नॉमिनी कोण?"

"बापूजी."

"अहो, बापूजींना जाऊन वीस वर्षं झाली!"

"तो क्या हुआ? पेढी अजून त्यांच्याच नावावर चालते ना!"

मी समजावलं, की नॉमिनी पैसे फक्त ताब्यात घेतो. ते शेवटी कोणाचे, हे मृत्युपत्राने ठरतं. शेठ गंभीर झाले.

"म्हणजे बापूजींना परत द्यावे लागले असते?"

*

हिंमतआबा रनाळ्याचे, बागायतदार. मृत्युपत्राला स्टॅम्पपेपर लागत नाही, साधा कागद चालतो, हे ऐकून त्यांनी त्याच दिवशी लिहून काढलं आणि दोन्ही मुलांना मोठ्याने वाचून दाखवलं.

"मग? काय म्हणाली मुलं?"

"दोन्ही चिडी गयात!" आबा खुशीत म्हणाले. "मंग वाटनी बरोबरच शे!"

*

चौथे पावरा गुरुजी, तळोद्याला स्थायिक झालेले निवृत्त शिक्षक. आठवड्यातून दोनदा जीपने येतात. ते आमच्यावर हसत.

"आमच्या डोंगरातल्या गावात म्हातारा सगळ्यांना बोलावतो आणि कोणाला काय, ते तोंडावर सांगतो. तुम्ही शिकलेले लोक लपवून लिहिता."

मी विचारलं, "मग भांडणं होत नाहीत?"

"होतात ना! पण आमची आम्हाला ऐकायला तरी मिळतात!"

*

मृत्युपत्राला दोन साक्षीदार लागतात. ज्याला काही मिळणार, तो साक्षीदार नसलेला बरा. मी भरपूर वाचून तोडगा काढला: आपण चौघं एकमेकांचे साक्षीदार होऊ! शेठ आणि आमच्यावर हसणारे गुरुजीसुद्धा कागद करायला तयार झाले. तिघांच्या कागदांवर सह्या झाल्या. माझा अर्थातच तयार नव्हता.

वकीलबाईने कागद पाहिले. "छान. सगळ्यांची वयं काय?"

अठ्ठ्याहत्तर, एक्क्याऐंशी, शहात्तर, ऐंशी.

"सर, साक्षीदार तुमच्यामागे उरायला हवा ना!"

दुसऱ्या दिवसापासून बाकावरचं प्रेम फार वाढलं. मिरचीचा हंगाम होता. वाऱ्याबरोबर मिरचीची झोंबरी खाट आली आणि आबांना ठसका लागला. शेठ पाणी घेऊन धावले.

"आबा, जपा! माझ्या कागदावर तुमची सही आहे!"

आबा डोळे पुसत म्हणाले, "तुन्हा साक्षीदार शे म्हनीसन मी खोकू बी नको का?"

*

सातवा खर्डा तरी बिनचूक व्हावा, म्हणून वकीलबाईने घराचा उतारा मागितला. खरं तर सुरुवातच तिथून करायची असते: आपलं काय काय आहे, याची यादी. मी नगरपालिकेत गेलो. खिडकीतल्या माणसाने उतारा पाहिला, मग माझ्याकडे पाहिलं.

"सर, हे घर तुमचं नाही."

घरी आलो. सुमन मिरच्यांचे देठ काढत बसली होती.

"घर तुझ्या नावावर आहे?"

"हो. घेतलं तेव्हा तुम्ही पीएच.डी.त होता."

"मला सांगितलं नाहीस!"

"सांगितलं होतं. 'बरं' म्हणालात. घरपट्टी दर वर्षी कोण भरतं?"

मी खाली बसलो. "मग तुला मृत्युपत्र करायला हवं."

"केव्हाच केलंय. एक पान. साक्षीदार दोघी तिशीतल्या."

"त्यात... माझं काय?"

तिने मान वर केली नाही.

"तुम्हाला शेवटपर्यंत राहायला दिलंय. फक्त पुस्तकांची खोली आवरायची अट आहे."

दुपारी मी वरच्या फळीपासून सुरुवात केली.