मी बदललेलं वाक्य

निवृत्त झाल्यावर पहिल्याच महिन्यात मी सकाळचा गजर बंद केला आणि कॉलनीतल्या दत्ताच्या देवळात, बायकांच्या भजनी मंडळात नाव घातलं. जवळजवळ तीस वर्षं मुलांना मराठीचं व्याकरण शिकवून घसा बसलेला. गाणं असं काही येत नव्हतं. पण दर गुरुवारी दुपारी चारला दहा-बारा बायका जमायच्या, टाळ वाजायचे, मग आरती आणि प्रसाद. मला ते आवडायला लागलं. घरी नवरा देव न मानणारा. पाटबंधारे खात्यात नोकरी झालेला माणूस. मला स्कूटरवरून देवळापर्यंत सोडायचे आणि बाहेरच्या कट्ट्यावर पेपर वाचत बसायचे. इतक्या वर्षांत एकदाही आत आले नाहीत आणि मी जाते म्हणून एकदाही काही बोलले नाहीत.

मंडळ चालवायच्या त्या आक्का. पंचाहत्तरीच्या, दुधाच्या धंद्यात आयुष्य काढलेल्या, आवाज खणखणीत. बाकी आम्ही सगळ्या एकमेकींच्या काकी नाहीतर वहिनी. मी शिक्षिका, म्हणून मी सगळ्यांची 'बाई'.

एका गुरुवारी आक्कांबरोबर एक नवीन बाई आली. साठीच्या पुढची, काटक, नऊवारी नेसलेली. कळंब्याच्या रस्त्यावर एका खानावळीत भाकऱ्या थापते आणि गिरणीच्या मागे खोली घेऊन एकटी राहते, एवढं आक्कांनी सांगितलं. ती दाराशी, चपलांच्या जवळ बसली. तिला कुणी काकी म्हटलं नाही, वहिनी म्हटलं नाही. ती पहिल्या दिवसापासून 'मावशी' झाली. कामाच्या बाईला म्हणतो तशी.

तिसऱ्या गुरुवारी आक्कांचा घसा धरला होता, म्हणून त्यांनी तिला गायला सांगितलं. तिनं डोळे मिटले आणि सुरुवात केली. शिकलेला आवाज नव्हता, थोडा खरखरीतच. पण आमच्या हातातले टाळ आपोआप हळू झाले. बाहेर कट्ट्यावर पेपर खाली ठेवून आमचे हे आत बघत होते, ते मला दिसलं. त्यानंतर दर गुरुवारी एक भजन तिचं, असं ठरूनच गेलं.

एकदा आरतीनंतर प्रसाद खाताना विषय निघाला, कोण देवाकडे काय मागतं. एका वहिनीनं मुलाचं परदेशाचं काम मागितलं होतं. आक्का म्हणाल्या, "मला हातपाय चालताना न्यावं, बास." माझी यादी लांब होती, मी रोज म्हणायची ती क्रमानं सांगितली, लेकीपासून गुडघ्यांपर्यंत. मग मी तिला विचारलं, "आणि मावशी, तुम्ही?"

"मी काय मागत न्हाय बाई. बसतो निस्ती."

आमच्या भागात बायका 'मी आलो, मी बसतो' असंच बोलतात. व्याकरणाच्या तासाला मी कितीजणींची ही सवय मोडायचा प्रयत्न केलेला.

"मागत नाही तर येता कशाला?" मी हसून विचारलं.

"बसायला कुटंतरी पायजे की."

सगळ्या हसल्या. मला ते उत्तर तितकंसं रुचलं नाही. देवापुढे बसून काही मागायचं नाही, म्हणजे एक प्रकारचा ताठाच, असं मला वाटलं.

उन्हाळ्यात माझी एक जुनी मैत्रीण चार दिवस राहायला आली. आम्ही एका शाळेत शिकवलेलं. नंतर तिची बदली गडहिंग्लजला झाली आणि ती तिकडचीच झाली. गुरुवारी मी तिला हौसेनं देवळात नेलं. मावशीचं भजन सुरू झालं आणि मैत्रिणीनं माझा हात घट्ट धरला. आम्ही घरी आलो. मग चहा घेताना म्हणाली, "ती बाई तुमच्यात कशी? अगं, ती आमच्याकडचीच आहे. तिच्या घरात सून जळून मेली. मुलानं जाळलं. मायलेकांना दोघांनाही शिक्षा झाली. ती कळंब्याच्या तुरुंगातून सुटून आली वाटतं."

मी विचारलं, "तिनं काय केलं होतं?"

"ते मला नक्की माहीत नाही. घरातच होती म्हणे."

मैत्रीण शनिवारी गेली. पुढचा गुरुवार येईपर्यंत माझ्या डोक्यात दुसरं काही नव्हतं. आमच्याही लेकीचं लग्न मोडलेलं. ते कशानं मोडलं हे कॉलनीत कुणाला नीट माहीत नव्हतं. सासरच्या त्रासानं, एवढंच मी सांगितलेलं. त्यामुळे असल्या बाईच्या शेजारी बसून मी टाळ वाजवला, याची मला शिसारी आली. निदान तेव्हा मी स्वतःला तसं सांगितलं.

गुरुवारी मी मुद्दाम लवकर गेले. सहा-सात जणी आल्या होत्या. मी म्हणाले, "त्या मावशी कळंब्याच्या तुरुंगातून सुटून आल्यात. तिनं सुनेला जाळलं."

वाक्य तोंडातून बाहेर पडलं तेव्हाच मला कळलं होतं. मैत्रीण म्हणाली होती, मुलानं जाळलं. वाक्यात कर्ता कोण, हे ओळखायला मी तीस वर्षं मुलांना शिकवलं, आणि त्या दिवशी मी जाणूनबुजून कर्ता बदलला. कुणी विचारलं असतं, तर बोलण्याच्या ओघात झालं म्हणाले असते. पण कुणी विचारलंच नाही.

"अगं बाई!" एक काकी म्हणाली. "आमच्या घरात सुना हाईत. अशीच्या तोंडनं द्येवाचं नाव ऐकायचं?"

आक्का तेवढ्यात आल्या. त्यांना सांगितलं, तर त्या जागेवर बसत म्हणाल्या, "मला म्हाईत हाय. तिनंच सांगितलंय, पयल्या दिवशी. द्येवळात येनाऱ्याला मागचं इचारत बसलं तर हितं पुजारीसुदिक ऱ्हायाचा न्हाय."

"पण आक्का, आम्हाला सांगायला नको होतं का?" मी म्हणाले.

"का? तुमी तुमचं समदं सांगून बसलाय व्हय हितं?"

मी टाळांची दोरी सोडवायला घेतली. पण बाकीच्या गप्प होईनात. तेवढ्यात ती आली. बाहेरच्या नळावर पाय धुतले, पदर डोक्यावर घेतला आणि दारात थांबली. दर गुरुवारी तिच्यासाठी थोडं सरकून घेणाऱ्या दोघीजणी हलल्या नाहीत. कुणीतरी बोलायला हवं होतं. बोलायची सवय मला.

"मावशी, काही दिवस तुम्ही येऊ नका."

तिनं माझ्याकडे पाहिलं, मग सगळ्यांकडे. "समजलं व्हय," एवढंच म्हणाली. आत आली नाही. उंबऱ्याला हात लावून कपाळाला लावला आणि चपला घालून गेली.

आक्का उठल्या नाहीत, पण गायल्याही नाहीत. भजन मी सुरू केलं आणि पट्टी इतकी वर गेली, की दुसऱ्या ओळीला सगळ्यांचा आवाज फाटला.

जेवताना मी यांना सगळं सांगितलं. माझं वाक्य मात्र सांगितलं नाही. यांनी ताटात बघतच विचारलं, "तुमच्या देवानं चारित्र्याचा दाखला मागितला होता काय?"

"तुम्ही देव मानत नाही. तुम्ही यात बोलू नका."

"बरं. तिची शिक्षा भोगून झाली का नाही?"

"झाली असेल. पण मेलेली मुलगी परत आली का?"

"नाही," ते म्हणाले. "तू तिला हाकललंस म्हणूनही नाही आली."

मला राग आला. दोन दिवस आम्ही कामापुरतं बोललो.

पुढच्या गुरुवारी आक्का आल्या नाहीत, त्याच्या पुढच्याही नाही. दोन महिन्यांत मंडळात पाच जणी उरल्या. कुणी मला बोललं नाही, पण मला बोलावंसं वाटत होतं आणि कुणाशी ते कळत नव्हतं. शेवटी एका सकाळी अकराच्या सुमाराला मी त्या खानावळीत गेले. काय सांगणार होते ते ठरवलेलं नव्हतं. चूक झाली म्हणायचं, ती परत येईल, आणि सगळं पूर्ववत होईल, असं काहीतरी मनात होतं.

ती मागच्या बाजूला पत्र्याच्या शेडमध्ये चुलीपुढे होती. मला बघून दचकली नाही. पाट पुढे सरकवला. "बसा की बाई. भाकरी थापालोय, हात रिकामा न्हाय."

मी बसले. म्हणाले, "मावशी, मी त्या दिवशी चुकीचं बोलले. तुम्ही सुनेला जाळलं असं मी सगळ्यांना सांगितलं. मुलानं जाळलं, हे मला माहीत होतं."

तिनं भाकरी तव्यात टाकली, वरून पाणी फिरवलं. "तिची आईबी तसंच म्हनती. मीच जाळली म्हनती. ती म्हनती तर ते खरंच की."

"पण तुम्ही तर नाही ना..."

"काडी मी वढली न्हाय," ती म्हणाली. "पर दार उगडलं न्हाय. मी सोप्यात पोथी वाचत बसलोतो. आत दोगांचं चाललंतं. रोजचंच म्हटलं. ती हाका मारालती, आत्ती, आत्ती म्हनून. दार निस्तं लोटल्यालं हुतं बाई. ढकललं असतं तर उगडलं असतं. पर अध्याय अर्धा झालता. म्हटलं, पुरा करून उठावं. वास आला तवा उठलो."

भाकरी फुगली. तिनं ती उचलून टोपलीत टाकली आणि पुढचा गोळा घेतला. तिचे हात थांबले नव्हते.

"कोर्टात काय सांगितलंत?"

"ह्येच."

"आणि म्हणून तुम्ही आता देवाकडे काही मागत नाही?"

"कुटल्या तोंडानं मागू? माफी द्यायाची ती ग्येली. द्येवाची माफी घिऊन मी काय करू?" मग तिनं पहिल्यांदाच माझ्याकडे नीट पाहिलं. "तुमी कशाला आलाय? चुकलं म्हटल्यावर तुमास्नी बरं वाटंल म्हनून व्हय?"

तिच्या आवाजात राग नव्हता. मी म्हणाले, "परत या भजनाला. मी सगळ्यांना खरं सांगते."

"न्हाय बाई. जागा करून देत्याल, पर मग समद्यांचं ध्यान माज्याकडंच. भजन बिगडंल."

मी रिक्षानं घरी आले आणि देवघरापुढे न जाता स्वयंपाकघरात बसून राहिले. दार ढकललं असतं तर उघडलं असतं, हे वाक्य मला सोडेना. त्याचं कारण मला तिच्यासमोर बसल्यापासूनच माहीत होतं.

लेकीचं सासर पुण्याला. लग्नानंतर वर्षभरातच ती फोनवर रडायला लागली होती. नवरा हात उचलतो, खोलीत कोंडतो. मी दरवेळी सांगितलं, "थोडं सोस. मी देवाला साकडं घातलंय." मग मी सात दिवसांचं पारायण धरलं. पाचव्या दिवशी सकाळी पोथी वाचताना शेजारी ठेवलेला फोन उजळला. आवाज बंद केलेला, पण लेकीचं नाव दिसत होतं. पुन्हा उजळला. तिसऱ्यांदा उजळला. मधे उठलं तर पारायण मोडतं. मी फोन पालथा घातला आणि पुढची ओवी वाचली. तिनं मग वडिलांना फोन केला. ती पिशवी घेऊन रस्त्यावर उभी होती, ओठ फुटलेला. हे अंगावरच्या कपड्यांनिशी गाडी घेऊन निघाले आणि संध्याकाळपर्यंत तिला घरी घेऊन आले. मी तोवर अध्याय संपवून नैवेद्य दाखवला होता.

आणि त्यानंतर इतकी वर्षं, देवळात, नातेवाइकांत, मी सांगत आले, की लेक सुखरूप घरी आली ते माझ्या पारायणाचं फळ. हे ऐकून आमचे हे दरवेळी उठून दुसऱ्या खोलीत जायचे. देवाचा विषय नको म्हणून जातात, असं मी समजत होते.

माझी लेक जगली आणि मावशीची सून मेली. आम्हा दोघींतला फरक एवढाच, आणि तो माझ्यामुळे पडलेला नव्हता.

पुढच्या गुरुवारी मी मंडळात उभी राहिले आणि म्हणाले, "मी त्या मावशींबद्दल खोटं सांगितलं. जाळलं ते मुलानं. मला माहीत असून मी तिचं नाव घेतलं." वाटलं होतं काहीतरी होईल. एक काकी टाळ पुसत म्हणाली, "पर शिक्षा तर तिलाबी झालीती की." आणि त्यांनी भजन सुरू केलं. मी पसरवलेलं खोटं आता माझं राहिलं नव्हतं. ते परत घेणं माझ्या हातात नव्हतं. पारायणाचं मात्र मला तिथं सांगता आलं नाही.

ते मी लेकीला सांगितलं, ती दिवाळीला आली तेव्हा. आता ती पुण्यातच नोकरी करते, एकटी राहते. फराळाचे डबे भरता भरता मी म्हणाले, "त्या दिवशी तुझा फोन मी बघितला होता. मुद्दाम उचलला नाही."

ती चकल्या मोजून ठेवाव्यात तशा एकेक करून डब्यात लावत होती. म्हणाली, "माहीत आहे. तिन्ही वेळा पूर्ण रिंग गेली. तू घरातच असणार, पोथीला बसलेली, हे कळत होतं मला." मग म्हणाली, "फोनचं नाही गं वाटलं एवढं. नंतर तू ते सगळ्यांना पारायणाचं फळ म्हणून सांगायचीस ना, ते ऐकवायचं नाही."

"मग बोलली का नाहीस?"

"तुला देवाचा तेवढाच आधार होता," ती म्हणाली आणि झाकण लावलं.

मी देवपूजा सोडलेली नाही. दिवा लावते, फूल वाहते. यादी म्हणायला तोंड उघडलं की पुढचं सुचत नाही, मग हात जोडून तशीच उठते. यांना एकदा सांगितलं, तर म्हणाले, "मी तर तेवढंही करत नाही," आणि माझ्यासाठी चहा टाकायला गेले.

आक्का हल्ली मंगळवारी दुपारी गिरणीमागच्या त्या खोलीवर जातात. दोघीच असतात. एक गाते, दुसरी टाळ धरते. आक्कांनी मला दोनदा निरोप धाडला, "बाईस्नी म्हनावं, या की." मावशीचं काय म्हणणं आहे, ते मी विचारलेलं नाही. एका मंगळवारी मी गिरणीपर्यंत गेले होते. पिठाच्या डब्याचं निमित्त होतं. मागच्या खोलीतून भजनाचा आवाज येत होता. मी दळण घेतलं आणि परत आले.