खाऱ्या पाण्यानं खाल्लेलं इंजिन

परंड्याजवळच्या धरणावर आमची मासेमारी. होडी वल्ह्यावरच चालायची. एके वर्षी नवऱ्यानं कोकणातून होडीच्या मागं लावायचं जुनं इंजिन आणलं. लई स्वस्तात मिळालं, म्हणून खूश होता. झाकण उघडलं तेव्हा स्वस्ताईचं कारण कळलं. समुद्राच्या पाण्यानं ॲल्युमिनियम खाल्लं होतं. नखानं खरवडलं तरी पांढरी भुकटी गळायची. गॅरेजवाले म्हणाले, यावर खर्च करण्यात अर्थ न्हाय. त्यानं ते गोठ्यात टाकून दिलं.

माझ्या वडलांचं आमच्याच भागातल्या वाशीला पाण्याच्या मोटारी दुरुस्त करायचं दुकान होतं. लग्नाआधी मी तिथंच काम शिकले, तिथले पान्हे सोबत आणले होते. घरातलं आवरलं की मी गोठ्यात जाऊन बसू लागले. लोखंडी बोल्ट ॲल्युमिनियमात गंजून गच्च बसले होते. रॉकेल सोडायचं, हलक्या हातानं ठोकायचं, मग पुन्हा वाट बघायची. एक बोल्ट तुटलाच. तो कोरून काढला, भोकाला नवे आटे पाडले. इंजिन थंड ठेवणारं पाणी फिरायच्या वाटा मिठानं बुजल्या होत्या, त्या तारेनं मोकळ्या केल्या. खड्डे घासून त्यात एम-सील भरलं. ते पाणी खेचणाऱ्या पंपाचं रबरी चक्र तेवढं विकत आणावं लागलं.

पिंपात पाणी भरून, इंजिनाचं खालचं टोक त्यात बुडवून ते चालू केलं. बाजूच्या भोकातून पाण्याची धार पडली. नवऱ्याला एवढंच सांगितलं, "धार बंद पडली की लगेच इंजिन बंद करा. गाळात चालवू नका."

त्या आठवड्यात त्याचे सोबती इंजिन बघायला आले. मी चहा घेऊन बाहेर आले तेव्हा तो त्यांना सांगत होता, कुर्डुवाडीच्या एका मिस्त्रीनं केलं, पक्का कारागीर आहे. मी कप ठेवले. त्यानं माझ्याकडं बघितलं न्हाय. सासूबाई आत म्हणाल्या, बायकोनं इंजिन केलं म्हणून सांगितलं तर लोक त्याला हसतील. मला होडीत बसवून एक फेरी मारावी, असंही कुणाला वाटलं न्हाय.

उन्हाळ्यात पाणी आटलं. त्यानं गाळातच इंजिन रेटलं, ते तापून जाम झालं. संध्याकाळी ते परत गोठ्यात आणून टाकलं आणि दारात उभा राहून म्हणाला, "बघ की जरा."

"कुर्डुवाडीच्या मिस्त्रीला दाखवा," मी म्हणाले.

तो पाठ फिरवून निघून गेला. वाटलं होतं, एकदा तरी खरं बोलेल. दुसऱ्या दिवशी मी बाजारातून आले तर गोठ्यातली जागा रिकामी होती. इंजिन भंगारवाल्याला वजनावर दिलं होतं, आणि माझे वडलांकडचे पान्हेही त्याच भंगारात गेले होते.

विचारलं तर म्हणाला, "तुला आता कशाला लागतात?"