परवानगीवाले काका

कुणी काही मागितलं की काका आधी कीबोर्डवरून दोन्ही हात उचलायचे, काखेत घालायचे, मागणाऱ्याकडे खुर्ची वळवायचे आणि विचारायचे, "कनाला?"

कनाला म्हणजे कशाला. आमच्या पेणच्या खाडीकडच्या गावांत असंच बोलतात. मागणारी मुलगी असेल तर "कनाला गो?", मुलगा असेल तर "कनाला रं?" आणि आमचे मालक प्रसाद यांनी स्वतः काही मागितलं तर नुसतंच "कनाला?" मालकाला मान म्हणून गो नाही, रं नाही. पण प्रश्न चुकायचा नाही.

आमचं ऑफिस पेणलाच, रामवाडीत, हायवेच्या कडेला, बॅटरीच्या दुकानाच्या वर. लॅबचे रिपोर्ट, गणपतीच्या कारखान्यांच्या ऑर्डरी, शाळेची बस कुठवर आली त्याची खबर, असली कामं आम्ही कॉम्प्युटरवर बसवून देतो. ती चालतात क्लाउडवर, म्हणजे कुठल्यातरी दूरच्या कंपनीच्या भाड्याच्या मशीनवर. तिथे प्रत्येक गिऱ्हाइकाचं वेगळं प्रोजेक्ट असतं. प्रोजेक्ट म्हणजे एक खोली समजा. त्या खोलीत कुणी नुसतं डोकवायचं, कुणी सामान हलवायचं आणि कुणी दुसऱ्याला चावी करून द्यायची, हे कुणीतरी ठरवावं लागतं. आमच्याकडे ते काका ठरवायचे.

ते मुळात या धंद्यातले नव्हतेच. मिठागरावर काम करणाऱ्या घरातला माणूस. सगळी नोकरी रोह्याच्या एका रसायनांच्या कंपनीत गेली. तिथे ते परमिटच्या टेबलावर बसायचे. टाकीत उतरायचं असो की वेल्डिंग करायचं असो, काकांच्या सहीचं परमिट हातात आल्याशिवाय माणूस पुढे जायचा नाही. पाठ दुखायला लागली तशी त्यांनी लवकर निवृत्ती घेतली. प्रसाद त्यांच्याच गावचे. "काका, घरी बसून काय करणार? आमचं ऑफिस सांभाळा," म्हणून त्यांनीच त्यांना आणलं. वीजबिल, कुरियर, पाण्याचे जार, एवढंच काम.

तेव्हा आमच्याकडे सगळ्यांचा मिळून एकच पासवर्ड होता. तो पाण्याच्या जारच्या वर भिंतीला चिकटवलेला. पाणी प्यायला येणारा कुरियरवालाही तो वाचू शकत होता. काकांनी एकदा सहज विचारलं, "हा कशाचा?" मी म्हटलं, "सगळ्याचा." ते त्या कागदाकडे बघत उभे राहिले. मग मला म्हणाले, "सुजाता, ह्यानी कुनी चुकून सगळा पुसला, तर पुसनारा कोन ते तरी कलंल का?" मी नाही म्हटलं. त्यांनी कागद काढला, त्याचे बारीक तुकडे केले आणि ते प्रसादच्या केबिनमध्ये शिरले. "परसाद, मना शिकव."

शिकणं सोपं गेलं नाही. इंग्रजी शब्द त्यांच्या तोंडात मावत नसत. मग त्यांनी आपली नावं ठेवली. नुसतं बघणारा तो गावकरी. बदल करणारा तो मेंबर. आणि ज्याच्या हातात सगळं, जो दुसऱ्याला हक्क देतो, तो सरपंच. काही दिवसांत सगळं ऑफिसच तसं बोलायला लागलं. लॅबचे डॉक्टर एकदा फोनवर होते आणि प्रसाद त्यांना गंभीरपणे म्हणाले, "तुम्हाला गावकरी केलंय सर." डॉक्टर मूळचे पुण्याचे. त्यांना बरेच दिवस वाटत होतं की आपल्याला पेणचं रेशनकार्ड मिळणार आहे.

त्यांनी कारभार हातात घेतल्यावर माझी पहिली मागणी मला चांगली आठवते. लॅबच्या प्रोजेक्टमध्ये एक चूक शोधायची होती. "काका, सगळेच हक्क देऊन टाका. परत परत विचारायला नको."

हात काखेत गेले. "कनाला गो? तहान लागली तर तांब्या देतात का टाकी?"

मला गावकरी केलं, तेही शनिवारपर्यंतच. शनिवारी संध्याकाळी माझा हक्क आपोआप गेला. मी इतकी चिडले की सोमवारी त्यांच्याशी बोललेच नाही. त्यांनी माझ्या टेबलावर शेंगदाण्याची पुडी ठेवली आणि विचारलं, "चूक सापडली का?" सापडली होती. "मंग आता कनाला पायजे हक्क?" मी शेंगदाणे खाल्ले.

तुमच्याही ओळखीत असा एखादा माणूस असेल, ज्याच्या शिस्तीचा राग येतो आणि तो रजेवर गेला की करमत नाही. पण शिस्तीच्या माणसाच्या हातूनही घोटाळे होतात. काकांच्या हातून झाला तो तर ऑफिसात अजून चवीनं सांगितला जातो. नुसता पासवर्ड पुरे नाही, म्हणून त्यांनी सरपंचाच्या खात्याला मोबाइलवर येणाऱ्या कोडचं दुसरं कुलूप लावलं. कोड फक्त त्यांच्या मोबाइलवर यायचा. आणि रविवारी काका चिंबोऱ्या, म्हणजे खेकडे, पकडायला खाडीत उतरले असताना मोबाइल खिशातून निसटून चिखलात गेला. चिंबोऱ्या मिळाल्या, मोबाइल नाही.

आमचे हक्क शनिवारी संपलेले आणि नवे देणारा सरपंचच आत जाऊ शकत नाही, म्हणून सोमवारी आम्ही सगळे बाहेर. काका बाहेर, मालक बाहेर. क्लाउड कंपनीला आम्ही आम्हीच आहोत हे पटवून देण्यात प्रसादचे बरेच दिवस मोडले. काका जिन्यात उभे राहून येणाऱ्या प्रत्येकाला स्वतःच सांगत होते, "चूक माजी हाय. दुसऱ्या कुनाची नाय." कुलूप उघडल्यावर त्यांनी आल्या आल्या प्रसादना सांगितलं, "सरपंच दोन पायजेत. एक खाडीत गेला तर दुसरा वर पायजे." तेव्हापासून दुसरे सरपंच प्रसाद.

तन्वी आमच्याकडे आली ती त्यानंतर. गडब गावची मुलगी. घरची भातशेती, स्वतः कॉम्प्युटर शिकलेली, हुशार आणि घाईची. तिच्याकडे रोह्याच्या एका डायलिसिस केंद्राचं काम दिलं. कुठला पेशंट कुठल्या दिवशी, कुठल्या मशीनवर, हे सगळं त्या केंद्रात आमच्या प्रोग्रॅमवर चालायचं. काकांनी तिच्या प्रोग्रॅमसाठी जी चावी, म्हणजे प्रोग्रॅमला खोलीत शिरू देणारा लांबलचक गुप्त शब्द, करून दिली, ती फक्त एका खोलीची. पेशंटची माहिती दुसऱ्या खोलीत, तिची चावी निराळी. तन्वी वैतागली. "काका, दोन-दोन चाव्या सांभाळत बसू का मी? माझ्यावर विश्वास नाही का तुमचा?"

"तुज्यावर हाय गो. चावीवर नाय," काका म्हणाले.

आणि एक दिवस सकाळी ते झालं. ऑफिस नुकतंच उघडलं होतं. क्लाउड कंपनीचा निरोप आला की डायलिसिसच्या प्रोजेक्टमध्ये कुणीतरी अनोळखी आपल्या कामासाठी भराभर क्लाउडवरची मशीन चालू करतंय, म्हणून कंपनीनं ते प्रोजेक्टच बंद केलंय. पाठोपाठ रोह्याहून केंद्राच्या सिस्टरांचा फोन. "अहो, काहीच दिसत नाय. पेशंट येऊन बसलेत. आज कोन कुठल्या मशीनवर, कसं कलनार?"

त्या दिवशी काकांचे हात काखेत गेले नाहीत. ते धावत खुर्चीत बसले आणि पहिल्यांदा तन्वीच्या प्रोग्रॅमची चावी रद्द केली. प्रसाद ओरडत होते, "कुणी केलं हे? चावी बाहेर गेलीच कशी?"

"कोन ते मंग बघू, परसाद. आदी दार लाव."

तन्वी भिंतीला टेकून उभी होती. तिचा चेहरा पाहिल्यावर विचारायची गरजच नव्हती. तिनं आपलं काम लोकांना दिसावं म्हणून प्रोग्रॅम इंटरनेटवर सगळ्यांसाठी ठेवला होता आणि चावी त्यातच राहून गेली होती. ती मोठ्यानं म्हणाली, "माझ्याकडून झालं."

प्रसाद काही बोलणार, एवढ्यात काका उठले. "परसाद, तू हितं बस. नवीन प्रोजेक्ट कर, प्रोग्रॅम परत चढव, नव्या चाव्या लाव. तू सरपंच हायस, तुला जमंल. आमी रोह्याला जातो. सुजाता, गाडी काढ. तन्वी, चल."

वडखळ मागे पडलं. गडब आलं तेव्हा तन्वीनं तोंड दुसरीकडे फिरवलं. रस्त्यावरून तिचं घर दिसतं. मग ती हळूच म्हणाली, "काका, पेशंटची माहितीपण गेली असेल का बाहेर?"

"नाय. ती खोली दुसरी. ह्या चावीनी उघडतच नाय." मग ते बाहेर बघत पुढे बोलायला लागले. "मी कंपनीत नवीन होतो तवाची गोष्ट. टाकीत फिटर उतरलेला. मना म्हाईत नाय. शिफ्ट बदललेली, मी आलो आन त्याच टाकीतल्या मिक्सरचा बटन दाबला. लोक वरडले, मी बंद केला. फिटरचा हात मोडला. जीव वाचला."

मी इतकी वर्षं त्यांच्या शेजारी बसत होते. हे मला ठाऊक नव्हतं.

"मंग?" तन्वीनं विचारलं.

"मंग काय? मना वाटला, आता घरी पाठवतील. सायबानी परमिटच्या टेबलावर बसवला. बोलला, आता तू कुनाला इचारल्याबिगर सोडनार नायस."

केंद्रात पोचलो तर बाकांवर पेशंट आणि त्यांची माणसं दाटीनं बसलेली. सिस्टर आठवणीनं जमेल तसं लावत होत्या आणि चुकेल म्हणून घाबरत होत्या. काकांनी सरळ खुर्ची ओढली आणि ते एकेका पेशंटजवळ बसून विचारायला लागले. "मागच्या खेपंला कुठल्या मशीनवर होतास? कोन शेजारी होता?" एक म्हातारे गृहस्थ म्हणाले, "मी खिडकीजवल. शेजारी ही वहिनी. लई बोलते." वहिनी म्हणाल्या, "मी नाय बोलत, हेच घोरतात." लोक हसले. सिस्टरही हसल्या आणि भराभर यादी लिहायला लागल्या. तन्वी घरी असलेल्या पेशंटना फोन लावत होती, "तुमच्या वेळेवरच या, काळजी करू नका." पहिल्या फोनला ती अडखळली, नंतरच्या फोनला नाही.

दुपारच्या सुमारास प्रसादचा फोन आला. नवीन प्रोजेक्ट उभं राहिलं होतं. सिस्टरांच्या स्क्रीनवर नावं परत दिसायला लागली. त्यांनी एकेक पेशंट आणि मशीन ताडून पाहिलं. सगळं बरोबर होतं. त्या दिवशी कुणाचंही डायलिसिस चुकलं नाही. खिडकीजवळचे म्हातारे निघताना काकांना म्हणाले, "उद्या पन या. बरा वाटला."

ऑफिसात परतलो तेव्हा प्रसाद दमून बसले होते. त्यांनी तन्वीकडे न बघता काकांना सांगितलं, "हिला ठेवता येणार नाही."

काका पाणी पीत होते. त्यांनी पेला खाली ठेवला. "काढायची तर काढ. मालक तू हायस. पन चाव्या सांभाळायला मंग कुनाला आननार? ज्याच्या हातून अजून काय झालाच नाय, त्याला? त्याला भ्या म्हंजे काय ते म्हाईत नसंल. हिला आज कलला."

प्रसादनी गिऱ्हाइकांची यादी पुढे ओढली. मग म्हणाले, "सगळ्या प्रोजेक्टच्या चाव्या बदलायला लागतील."

"तीच बदलंल," काका म्हणाले.

दुसऱ्या दिवसापासून तन्वीनं एकेक खोली घेऊन सगळ्या चाव्या बदलल्या. काका शेजारी बसून होते, पण हात लावत नव्हते. ती अडली की ते खोकायचे. बस, एवढंच. पुढे नव्या चाव्या प्रोग्रॅममध्ये लिहायच्याच नाहीत, वेगळ्या तिजोरीत ठेवायच्या, ही सोय तन्वीनंच शोधून काढली आणि काकांना समजावून सांगितली. काकांना ती पहिल्यांदा कळली नाही. दुसऱ्यांदाही नाही. तिसऱ्यांदा कळली तेव्हा ते म्हणाले, "हा तर माज्या फुडचा हाय," आणि स्वतःचा चहा तिला दिला.

पाठदुखी वाढली तेव्हा काकांनी आपणहून काम सोडायचं ठरवलं. शेवटच्या दिवशी आम्ही नारळ, शाल, फरसाण असं सगळं आणलं होतं. त्यांना त्यात रस नव्हता. त्यांनी आधी तन्वीला सगळ्या प्रोजेक्टची सरपंच केलं. मग म्हणाले, "आता माजा नाव काढ."

"राहू द्या ना काका. कधी अडलं तर?"

"अडला तर फोन कर. नाव काढ. काम सरला का परमिट बंद."

तिला ते करवेना. बोट माउसवर ठेवून ती बसून राहिली. प्रसाद खिडकीशी जाऊन हायवेकडे बघायला लागले. काका शांतपणे वाट बघत उभे होते. शेवटी तिनं बटण दाबलं. त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला, शाल खांद्यावर टाकली आणि जिना उतरून गेले. ती खुर्ची आता तन्वीची आहे. त्यानंतर ते ऑफिसात आले नाहीत. गावी असतात, भातशेती बघतात, खाडीवर जातात.

काम सोडल्याच्या दुसऱ्याच दिवशी सकाळी मात्र त्यांचा मला फोन आला होता. मागे वारा सुटलेला ऐकू येत होता.

"सुजाता, मी आता मोबाइलवर आपला क्लाउड उघडून बघितला."

"काय काम होतं काका?"

"काम काय नाय. तन्वीनी माजा नाव नीट काढलाय का ते बघत होतो."

"मग?"

"मना आत घेतच नाय गो! परवानगी नाय, असा लिवून येतंय!" ते म्हणाले आणि इतक्या मोठ्यानं, इतक्या आनंदानं हसले की मला फोन कानापासून लांब धरावा लागला.